धुक्यातली टोपी

याकुत्स्क
१४ ऑक्टोबर १९९३

विहीणबाई अकुलिना स्पिरिदोनोव्ना यांस,

तुम्ही पाठवलेले मासे पोचले. विमानतळावरून घरी येईपर्यंत ते माझ्यापेक्षा ताठ होते. लाल बेरीही पोचल्या. आभार.

दोल्गुनने लग्नाच्या दुसऱ्या वाढदिवसाचा फोटो पाठवलाय. पाकीट उघडलं तेव्हा वाटलं, कुणा कोल्ह्याने मला आपला फोटो पाठवला. मग कोल्ह्याखाली नाक दिसलं. नाक आमच्या घराण्यातलं. तेव्हा कळलं की हा माझा मुलगा आणि डोक्यावर आहे ती तुमच्या हातची टोपी. तुमच्या हातात कला आहे, हे मी सगळ्यांना सांगते. एकतीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. अशा टोप्या पुस्तकात दुसऱ्या धड्यात येतात, शेतीचा शोध लागण्याआधी.

यासोबत त्याच्यासाठी मिंकची टोपी पाठवते. कारखान्यातली आहे. शिवण शोधून दाखवा.

आता मुद्द्याचं. एप्रिलात बाळ येईल. तुमच्या दवाखान्यात एक दाई आहे आणि एक थर्मामीटर, तोही दाईचा स्वतःचा. इथे मोठं इस्पितळ आहे, नळाला गरम पाणी आहे आणि माझ्या घरात एक खोली रिकामी आहे. नववर्षाच्या आत दोघांनी इथे यावं आणि इथेच राहावं. दोल्गुन तुमच्या गावच्या डिझेल स्टेशनवर एका वर्षासाठी गेला होता. त्याला चार वर्षं झाली. तुमच्याकडे वर्ष जरा लांब असतं का?

खोली मी रंगवायला काढली आहे. निळी.

अव्गुस्ता गाव्रिलोव्ना


खारा-तारिन
३० ऑक्टोबर १९९३

विहीणबाई अव्गुस्ता गाव्रिलोव्ना यांस,

मी फार शिकलेली नाही. पत्रात चुका असतील तर लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवा. मागच्या खेपेला पाठवलं होतंत. मी ते जपून ठेवलंय.

मिंकची टोपी आली. सुंदर आहे. जावईबापूंनी ती टेबलावर ठेवली तर मांजर दोन दिवस तिच्यावर फिस्कारत होतं. शिवण खरंच दिसत नाही. कानही दिसत नाहीत. टोपी कानांच्या वरच संपते. शहरात कान लागत नसतील. इथे उणे पन्नासला लागतात.

माझ्या टोपीची चौकशी केली नाहीत, तरी सांगते. कातडं तीन आठवडे चोळलं. शिवलं जनावराच्या नसेच्या दोऱ्याने. तो ओला झाला तर फुगतो आणि भोक बुजवतो. तोंडाभोवती रोसोमाखाची किनार आहे. त्या चोरट्या जनावराच्या केसांवर श्वासाचा बर्फ धरत नाही, झटकला की पडतो. आणि कपाळाशी कोल्ह्याच्या गळ्याचा पांढरा तुकडा लावलाय. असा तुकडा गावात दुसऱ्या कुणाच्या टोपीला नाही.

त्याचं कारण आहे. धुकं उतरलं की इथे तोंड कुणाचंच दिसत नाही. गळपट्टा नाकावर, पापण्यांवर बर्फ. माणूस ओळखायचा तो टोपीवरून. दुकानाच्या रांगेत आम्ही टोप्यांनाच नमस्कार करतो. म्हणून आपली टोपी दुसऱ्याला द्यायची नसते. माझी आई म्हणायची, टोपीत माणसाचा अर्धा जीव असतो.

रोज सकाळी आठ वाजता ती टोपी माझ्या खिडकीखालून स्टेशनवर जाते. खांबाच्या दिव्यात पांढरा तुकडा दिसतो, हात वर होतो. मी काचेवरचा बर्फ खरवडून हात करते. मग माझा चहा गोड लागतो.

बाळाचं अंगडं-टोपडं शिवायला घेतलंय. सात ससे लागतील. बाळ इथे जन्मेल आणि इथेच वाढेल. मला एकच मुलगी आहे. तुम्ही खोली सावकाश रंगवा. रंग वाळायला वेळ लागतो.

अकुलिना


याकुत्स्क
१६ नोव्हेंबर १९९३

विहीणबाई,

तुमच्या पत्रात नऊ चुका आहेत. या खेपेला दुरुस्त केल्या नाहीत. वय झालं की माणसाने क्षमाशील व्हावं.

सोबतचा फोटो पाहा आणि परत पाठवा. दोल्गुनच्या डोक्यावर काय आहे? मिंक. मागे त्याच्याच अक्षरात लिहिलंय, "आई, घरी, स्टेशनवर, सगळीकडे आता हीच घालतो." तुमच्या खिडकीखालून रोज सकाळी मग कोण जातं?

तो लिहितो की काम फार आहे, महिना-दोन महिने पत्र येणार नाही, काळजी करू नकोस. मी काळजी करत नाही. फक्त खोलीचा दुसरा हात झालाय आणि खाट आणली आहे.

कुन्नेयला तरी आधी पाठवा. सातव्या महिन्यानंतर विमानात कुणी घेणार नाही. मी तिला फुलासारखं ठेवीन. तुमची मुलगी असली तरी.

अव्गुस्ता गाव्रिलोव्ना


खारा-तारिन
७ डिसेंबर १९९३

विहीणबाई,

अभिनंदन. जिंकलात. पोर तुमची झाली. फुलासारखं ठेवणार होतात. तर फुलाला पाणी किती घालता, ऊन कुठून आणता, हे कधी तरी कळवा. डॉक्टर काय म्हणाले ते आईला सांगायची तुमच्या शहरात पद्धत नसेल तर राहू दे. एक ओळसुद्धा येत नाही. नळाला गरम पाणी असलं की माणसं आईला इतक्या लवकर विसरतात, हे मला माहीत नव्हतं. घोड्याचं मांस तिला पाठवलेलं सगळं तिच्याच पोटात जाऊ द्या, वाढदिवसाला शेजारणींना वाटू नका.

तुमचा फोटो परत पाठवते. बघितला. माणूस फोटोत काय घालतो आणि रस्त्यात काय घालतो यात फरक असतो. माझ्या खिडकीखालून रोज आठाला कोल्हाच जातो, मिंक मी अजून पाहिली नाही. मात्र जावईबापू हल्ली खांदे पाडून चालतात, एक पाय ओढतात. उणे एकावन्न आहे, सांधे धरले असतील. त्यांच्या पायरीवर हाडांच्या रश्शाचं भांडं ठेवून येते. संध्याकाळी भांडं माझ्या दारात, घासून, पालथं घातलेलं. जावई भांडं घासतो हे मला ठाऊक नव्हतं. हे संस्कार तुमचेच. मी खोटं कशाला बोलू?

अकुलिना


याकुत्स्क
२१ डिसेंबर १९९३

विहीणबाई,

हो, हो. तुमची पोर माझ्याकडेच आहे. निळ्या खोलीत खिडकीशी बसून दिवसभर द्राक्षं खाते. डॉक्टर रोज घरी येतात, बरोबर एक नर्स आणि दोन वाजंत्री. रात्री मी तिच्या पायाला तेल लावते. घोड्याचं मांस तिच्याशिवाय कुणी खात नाही, मी नुसता वास घेते. तिला घर सोडवत नाही, म्हणून पत्र टाकायला पोस्टात जात नाही. झालं समाधान?

भांडं घासायचे संस्कार माझे नव्हेत. माझ्या मुलाने जन्मात चमचा विसळलेला नाही. नीट बघा.

नववर्षाच्या शुभेच्छा. खाट रिकामी आहे, असं मी लिहिणार होते, पण तुम्ही म्हणताच तर ती भरलेली आहे.

अव्गुस्ता गाव्रिलोव्ना


खारा-तारिन
५ जानेवारी १९९४

अव्गुस्ताबाई,

विमान दोन आठवडे आलं नव्हतं, काल आलं. तुमचं पत्र मी चुलीशी बसून वाचलं. मग परत वाचलं. वाजंत्री तेवढे मी चेष्टेचे धरले, बाकी सगळं मनाला लागलं.

डिसेंबरात द्राक्षं! कुठून आणलीत? आणि पायाला तेल लावता, तेही तुम्ही. मी तुम्हाला वाईट समजत होते. माझ्या आईनेसुद्धा माझ्या पायाला कधी तेल लावलं नाही. मी तुमचे मनापासून आभार मानते.

शेवटची ओळ मला नीट कळली नाही, पण तुमच्या पत्रात माझ्या डोक्यावरून जाणारी एक ओळ असतेच.

मी हट्ट सोडते. बाळंतपण तिकडेच होऊ द्या. फक्त मग उन्हाळ्यात दोघांना माझ्याकडे पाठवा. अंगडं-टोपडं झालंय. आतून ससा, बाहेरून ससा, शिवण मधे, त्वचेला लागणार नाही. हातात धरलं तर काहीच धरल्यासारखं वाटत नाही.

जावईबापूंची चिंता करू नका. रोज हात वर होतो.

तुमची,
अकुलिना


तार
याकुत्स्क, १९ जानेवारी १९९४

कुन्नेय माझ्याकडे नाही. कधीच नव्हती. दोल्गुन कुठे आहे बघा. टोपी नको. डोकं बघा. अव्गुस्ता.


खारा-तारिन
२४ जानेवारी १९९४

अव्गुस्ताबाई,

आधी हे वाचा: दोघं सुखरूप आहेत. इथे नाहीत, एवढंच.

तार रविवारी आली, म्हणजे काल. आज सकाळी आठ वाजता मी कोट चढवून रस्त्यात जाऊन उभी राहिले. उणे त्रेपन्न. धुकं असं की आपलाच हात पाहुण्याचा वाटावा. टोपी आली. पांढरा तुकडा, रोसोमाखाची किनार, सगळं माझं. खिडकीखाली हात वर झाला. मी टोपीचा कान धरला.

"जावईबापू, तोंड दाखवा."

"सोडा ना अकुलिनाबाई. आत वारं शिरतं."

आवाज साठ वर्षांचा होता. मी गळपट्टा खाली ओढला. आत कोर्निल. स्टेशनचा पहारेकरी, तीन वर्षांपूर्वी बायको गेली तो. पाय त्याचाच ओढतो, आठ वर्षांपासून.

"टोपी कुणाची?"

"तुम्हीच शिवली ना."

"आणि डोकं?"

"डोकं माझं. तो म्हणाला, तुझी टोपी फाटली आहे, ही घाल. फक्त खिडकीखाली हात वर कर, म्हणजे सासूबाई घाबरणार नाहीत. त्यांच्या घरची चूलही पेटवत जा म्हणाला, धूर दिसला पाहिजे."

"कधीपासून?"

"सत्तावीस नोव्हेंबर. दोघं एकाच विमानाने गेली की."

"आणि माझा रस्सा?"

"रस्सा फार चांगला होता," तो म्हणाला. "मी भांडी घासत होतो."

सत्तावीस नोव्हेंबरला मी स्वतः धावपट्टीवर होते, अव्गुस्ताबाई. कुन्नेयला तुमच्याकडे तपासणीसाठी पाठवत होते. मला तसंच सांगितलं होतं. माझ्या शेजारी ही टोपी उभी होती आणि विमानाला हात करत होती. मी तिला म्हणाले, "जावईबापू, मन घट्ट करा, महिन्याची तर गोष्ट." टोपी बोलली नाही. मला वाटलं, पुरुष आहे, गळा भरून आला असेल. आणि कुन्नेयचा हात धरून, डोक्यावरून शाल गुंडाळलेली एक म्हातारी विमानात चढली. मी म्हटलं, बरं झालं, पोरीला सोबत मिळाली.

ती म्हातारी तुमचा मुलगा.

दुकानात जाऊन मी विचारलं, तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं? बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांना वाटत होतं की मी कोर्निललाच हात करते. रोज सकाळी, दिव्याखाली. आणि त्याला रस्सा नेऊन देते. फ्योकला म्हणाली, "आम्ही म्हटलं, बरं झालं, दोघंही एकटीच आहेत." गावाने आमचं ठरवूनसुद्धा टाकलं होतं.

कोर्निलकडे माझ्यासाठी पाकीट होतं. "विचारलं तरच दे" असं बजावलेलं. विचारलं नसतं तर त्याने ते सोबत पुरून घेतलं असतं. पत्र असं आहे:

"आई, तुम्ही दोघींनी बाळ वाटून घेतलं. आम्हाला कुणी विचारलं नाही. एकीच्या फोटोसाठी एक टोपी, दुसरीच्या खिडकीसाठी दुसरी. दोल्गुन दारात उभा राहून विचार करायचा, आज कुणाचा मुलगा व्हायचं. आनापाला एका शाळेच्या बॉयलरवर त्याला काम मिळालंय. तिथे समुद्र आहे. हिवाळ्यात पाऊस पडतो. तिथे टोपी लागत नाही. दोन्ही टोप्या ठेवून जातोय. सांगितलं असतं तर तुम्ही जाऊ दिलं नसतं. रागावू नका. कुन्नेय आणि दोल्गुन."

अक्षर निळं आहे. ही कार्बनची प्रत. वरची तुम्हाला आली असेल. तुम्ही शहरातल्या.

मला एकाच गोष्टीचा राग आहे. टोपी दुसऱ्याच्या डोक्यात घातली. मी त्याला सांगितलं होतं, अर्धा जीव असतो.

अकुलिना


याकुत्स्क
८ फेब्रुवारी १९९४

अकुलिनाबाई,

तुमचं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी मलाही पाकीट आलं. दक्षिणेचा शिक्का.

मलाही निळीच प्रत आली.

मी ती खिडकीशी नेऊन बघितली. निळीच. म्हणजे वरची त्यांनी स्वतःजवळ ठेवली. अडीच वर्षांत पहिल्यांदा आपल्या दोघींना सारखं काही मिळालं. "आई" कुणाला लिहिलंय तेही नाही. एक "आई" दोघींना पुरवली आहे.

बत्तीस मुलांच्या वर्गात कॉपी कोण करतो हे मी फळ्याकडे तोंड करून सांगायचे. घरातली ओळखली नाही. तुम्ही डिसेंबरात लिहिलंत, पोर तुमची झाली, डॉक्टर काय म्हणाले ते कळवा. मी म्हटलं, टोमणा आहे. मी तिला मागितली म्हणून बाई माझी टर उडवते. मी उलट टोमणा मारला. तो तुम्ही खरा मानलात आणि आभार मानलेत. ते पत्र मी परत वाचलं. तुम्ही माझे आभार मानता म्हणजे नक्कीच काहीतरी भयंकर झालंय. तेव्हा तार केली. मुलांना फारसं खोटं बोलावं लागलं नाही, अकुलिनाबाई. आपण एकमेकींना कसं लिहितो, एवढं त्यांना माहीत होतं.

द्राक्षं नव्हती. तेलही नव्हतं. पण ती आली असती तर लावलं असतं. हे तुम्ही वाटलं तर चेष्टेचं धरा.

त्यांना आपणच पळवून लावलं का, हे तुम्ही विचारलेलं नाही. मीही विचारत नाही.

खोलीत बटाटे ठेवले आहेत.

अव्गुस्ता


खारा-तारिन
२० मे १९९४

अव्गुस्ताबाई,

तुम्हालाही फोटो आला असेल. सतरा एप्रिलला मुलगी झाली. नाव सायिना. आपल्या भाषेत उन्हाळा! टोमणा पोचला.

फोटो नीट बघितलात? पोर उघड्या डोक्याची आहे. एप्रिल महिन्यात, घराबाहेर, समुद्राच्या वाऱ्यात, उघडी टाळू. मी फ्योकलाला दाखवला, तिने हात तोंडावर नेला. नाक तुमच्या घराण्यातलं आहे. तेवढं टाळता आलं असतं तर बरं झालं असतं.

अंगडं-टोपडं पाठवू का विचारलं. उत्तर आलं, "आई, इथे कशाला?" ते बाहेर थंड कोठीत टांगून ठेवलंय. दर रविवारी झटकते.

आता कामाचं. माझ्याकडे दोन टोप्या आहेत. तुमची आणि माझी. खिळ्यावर रिकाम्या टोप्या टांगून ठेवणं चांगलं नाही. कोल्ह्याची उसवायची का, यावर मी महिनाभर विचार केला. त्यात जावईबापूंचा अर्धा जीव होता, पण आता कोर्निलचाही चतकोर असणार, तेव्हा हिशेब कुणाचाच उरला नाही. दोन्ही उसवते. एक शिवते. तुमच्यासाठी.

नाही म्हणू नका. तुमचा गेल्या साली पाठवलेला फोटो माझ्याकडे आहे. त्या टोपीने तुम्ही आणखी दोन हिवाळे काढलेत तर कान इस्पितळात ठेवावे लागतील, मोठं असलं तरी.

माप पाठवा. दोरा कपाळावरून, कानांच्या वरून, मागे अंबाड्याखालून. टोकं भेटतील तिथे गाठ मारा.

अकुलिना


याकुत्स्क
१८ जून १९९४

अकुलिनाबाई,

मी जन्मात गावठी टोपी घातलेली नाही आणि या वयात शेतीच्या आधीच्या धड्यात जायची माझी इच्छा नाही. हे आधी नोंदवून ठेवते.

एकटीने आपल्याच डोक्याचं माप घेऊन बघा. दोरा मागे घसरतो. गाठ मारायला हात पुढे आणले की मागचं सुटतं. घरात दुसरं कुणी असेल तर ही दोन मिनिटांची गोष्ट आहे. मी तीनदा घेतलं. तीन मापं आली. तिन्ही दोरे पाठवते. हवा तो निवडा.

सायिनाचा फोटो मी निळ्या खोलीत लावला. बटाटे हलवले.

अव्गुस्ता


खारा-तारिन
२ डिसेंबर १९९४

अव्गुस्ताबाई,

तिन्ही मापं चुकली होती. मी सगळ्यात लांब दोरा धरला. सैल टोपी कानांवर उतरते. घट्ट टोपीत डोकं तापतं, आणि तुमचं आधीच तापलेलं असतं.

टोपी कोर्निलसोबत पाठवली आहे. तो दात दाखवायला शहरात येतोय. वाटेत घालणार नाही अशी शपथ घेतली आहे. त्याला मी कुत्र्याच्या कातड्याची वेगळी शिवून दिली, कानाला लाल पट्टी लावून, म्हणजे धुक्यात तो तोच आहे हे कळावं. रस्सा बंद केलेला नाही. भांडं घासून येतं. फ्योकलाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

टोपी बाहेरून कोल्हा आहे. तुमची मिंक मी आतून लावली आहे. लोकांना माझा कोल्हा दिसेल. मिंक फक्त तुमच्या कानांना कळेल. शिवण शोधून दाखवा.

आता दुसरं. कुन्नेयचं पत्र आलंय. या खेपेला शाई काळी आहे, माझ्याच नावाने. लिहिते, "आई, इथे उणे नाही, पण भिंती ओल्या आहेत, अंथरूण ओलं असतं, चूल नाही. गारठा हाडात शिरतो. सायिना खोकते. आम्ही दोघं घरात कोट घालून बसतो. ससे पाठवशील का?" खाली दोल्गुनने लिहिलंय की मिंकची टोपी तिथेच राहिली, कुठे आहे ती, माझ्या आईला विचारून पाठवता आली तर बघा. ती कुठे आहे ते मी तुम्हाला सांगितलं. द्यायची की नाही ते तुम्ही ठरवा.

मी ससे पोस्टाने पाठवणार नाही. अंगडं उसवून मोठं केलंय, सातांचे नऊ ससे झालेत. ते मी हातात घेऊन जाणार. मॉस्कोत विमान कसं बदलतात मला माहीत नाही. तुम्हाला भूगोल येत असेल. नसला तर इतिहासावर भागवू. दोघींनी जायचं. त्यांना कळवायचं नाही. त्यांनी तरी कुठे कळवलं होतं? फक्त एक ठरवून जाऊ. बाळ त्यांचं. आपण गारठ्यापुरत्या.

माझं विमान वीस डिसेंबरला तुमच्याकडे उतरेल. तुमच्या शहरातही तेव्हा धुकं असतं म्हणतात. तुमचं तोंड मी एकदाच बघितलंय, लग्नात, आणि तेव्हा ते फुगलेलं होतं. म्हणून मी टोपी शोधीन. कपाळाशी पांढरा तुकडा.

पण एक आताच सांगून ठेवते. सत्तावन्न दिवस मी एका टोपीला हात केलाय. या खेपेला आधी टोपी काढायला लावीन, खालचं डोकं बघीन, मग नमस्कार करीन. तेवढा वेळ कान थंड पडतील. पडू द्या.

तुमची,
अकुलिना